आईला म्हणाले, पोटात ठेव

बल्लारशाला दुपारची गाडी होती. सावलीहून मूल, मूलहून चंद्रपूर आणि तिथून बल्लारशा असे तीन टप्पे करत आम्ही तिघं पोचलो, तेव्हा गाडीला अजून दीड तास होता. बाबा राईस मिलमधून थेट निघाले होते, त्यांच्या भुवयांवर कोंड्याची पांढरी पूड तशीच होती. आईनं पदरानं ती पुसायला हात पुढं केला, तर त्यांनी मान मागं घेतली. फलाटावर लोक होते ना. मग दीड तास आम्ही एकाच बाकावर बसून राहिलो आणि गाडी सोडून बाकी सगळ्यावर बोललो. गाडी आली तेव्हा आई म्हणाली, "तिथचं पानी भारी असन तर उकडून पेजो. पोटाले जपजो." बाबा म्हणाले, "पोचल्याबरोबर फोन करजो." बस, एवढंच. हैदराबादच्या एका औषध कंपनीत मला नोकरी लागली होती. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेली आमच्या गावातली मी पहिली मुलगी आणि आईबाबांची एकुलती.

याला आता नऊ वर्षं झाली. हे लिहिते आहे ते गावातल्या माणसांसाठी, ज्यांना वाटतं की वैशालीची आई लेकीच्या आठवणीनं आजारी पडली. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या मुलींसाठीही, ज्या रोज संध्याकाळी घरी फोन लावतात आणि सगळं ठीक आहे म्हणतात. माझी आई माझ्या आठवणीनं आजारी पडली नव्हती. ती कशानं पडली ते मला ठाऊक होतं, फार आधीपासून ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिले. ते सांगायला मला एवढे दिवस लागले.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. हॉस्टेलमध्ये चार जणी, त्यात मराठी मी एकटीच. पप्पू म्हणजे वरण, चारू म्हणजे पातळ आमटी, आणि गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, हे कळलं तेव्हा किती आनंद झाला होता. कामाला कंपनीच्या तपासणी विभागात होते. आमच्याकडं इतर औषधांबरोबर पित्ताच्या कॅप्सूल तयार व्हायच्या. त्या पोटातल्या आम्लात विरघळू नयेत, पुढं आतड्यात गेल्यावरच विरघळाव्यात, अशी त्यांची घडण असते. काचेच्या भांड्यात पोटासारखं आम्ल घ्यायचं, अंगाच्या तापमानावर ठेवायचं, कॅप्सूल सोडायची आणि घड्याळ लावून बसायचं. ते काम मला आवडायचं. हळूहळू तेलुगू यायला लागली. ऑफिसातल्या पुणे-मुंबईच्या लोकांशी बोलताना मी 'डोळा' म्हणायला शिकले. आमच्याकडं 'डोरा' म्हणतात. 'ळ' आमच्या तोंडात बसत नाही. माझ्या तोंडात तो बसला आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला, हेही इथंच सांगून टाकते.

किरण पॅकिंग विभागात होता. वरंगलकडचा, आमच्या जातीचा नाही, आमच्या भाषेचा नाही. तो कसा आवडला ते इथं सांगत बसत नाही. त्याच्या घरच्यांना आम्ही सांगितलं, ते आधी नाही म्हणाले आणि मग हो म्हणाले. माझ्या घरी सांगायची वेळ आली की मी पुढच्या महिन्यावर ढकलायची. बाबा रागीट नाहीत. त्यांनी मला कधी हात लावलेला नाही. पण ते गप्प होतात, आणि त्यांच्या गप्प बसण्याला मी लहानपणापासून भ्यायची. शेवटी आम्ही रजिस्टर लग्न केलं. सह्या झाल्यावर बाहेर झाडाखाली उभं राहून मी आईला फोन लावला. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. मागं मुलांचा गलका चालू होता.

मी सांगितलं. ती फोन घेऊन बाहेर आली. मग तिनं विचारलं, "पोरगा बरा हाय ना?"

"हो आई."

"मंग बाबाले सांग."

"आताच नको. दिवाळीले येते, तेव्हा समोर बसून मीच सांगते. तोवर तू पोटात ठेव."

"ठीक हाय," ती म्हणाली.

दिवाळीला मी गेले आणि तीन दिवस राहून, न सांगता परत आले. बाबांनी त्या वर्षी घराला निळा रंग दिला होता आणि भिंत दाखवताना ते इतके खुशीत होते की माझं तोंड उघडलं नाही. निघताना आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, उन्हाळ्यात. उन्हाळ्यात कंपनीत ऑडिट आलं. मग धानाच्या रोवणीचे दिवस आले, तेव्हा बाबा थकलेले असतात म्हणून नको. मी कारणं शोधत होते आणि कारणं मिळत होती.

इकडं बाबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. मिलमध्ये धान घेऊन गावोगावचे लोक येतात. आरमोरीचा कोणी, चामोर्शीचा कोणी. त्यांच्याशी बोलून बाबा संध्याकाळी घरी यायचे आणि हातपाय धुता धुता आईला सांगायचे, अमुक ठिकाणी मुलगा आहे, तलाठी आहे, मास्तर आहे. आईनं ऐकायचं आणि काहीतरी खोड काढायची. घर लहान आहे. गाव दूर आहे. मुलाची उंची कमी आहे. माझ्या आईनं जन्मात कोणाच्या लेकराला नावं ठेवली नसतील. ती त्या काळात न पाहिलेल्या मुलांना रोज नावं ठेवत होती, माझ्यासाठी.

लग्नाला सहा-सात महिने झाले असतील, तेव्हा ती फोनवर पहिल्यांदा म्हणाली, "जेवन जाऊन नाई राह्यलं वं. पोटात गोरा फिरते." गोरा म्हणजे गोळा. मी म्हणाले, तिखट कमी कर. नंतर जळजळ सुरू झाली. मग सकाळी चार-पाचदा संडासला जावं लागायला लागलं, आणि अंगणवाडीत खिचडी शिजायला ठेवून मध्येच घरी पळायची वेळ तिच्यावर यायला लागली. तिला त्याची फार लाज वाटायची. मी आमच्याच कंपनीच्या कॅप्सूलची पाकिटं कुरिअरनं पाठवली. सकाळी उपाशीपोटी एक, असं समजावलं. भांड्यातल्या आम्लात दोन तास टिकणारी ती कॅप्सूल आईच्या पोटात काय करते आहे, याचा विचार मी अगदी शास्त्रशुद्ध करायची. ती कुठल्या वेळी पळते, कोणाच्या बोलण्यानंतर तिला मळमळतं, याचा नाही.

सावलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चंद्रपूरला सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. बाबा वैतागले. ते फोनवर मला म्हणाले, "तुह्या मायले काई झालं नाई. सारे रिपोट बरोबर हाय. मी घरी आलो का हिचं पोट दुखते, दिवसभर बरी राह्यते. नाटकं करून राह्यली." मी त्यावर हसले. मला आठवतं, मी बारीकशी हसले होते.

दीड वर्षात तिचं नऊ किलो वजन उतरलं. गावच्या एका लग्नाचे फोटो कोणीतरी मोबाईलवर पाठवले, त्यात आईच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपराकडं गेलेल्या दिसल्या. मग मात्र मी घाबरले. बाबाच म्हणाले, "तू तिथी ने तिले. मोठ्या डॉक्टरले दाखव." मिलमध्ये गर्दीचे दिवस होते, ते येऊ शकत नव्हते. मला आत कुठंतरी बरं वाटलं, की ते येत नाहीत.

अशी आई पहिल्यांदा माझ्या संसारात आली. जावयाला तिनं दारातच पाहिलं. त्यानं वाकून नमस्कार केला, तर तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना तिनं त्याला हातवारे करून सांबार आणायला सांगितलं. आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. तो हॉटेलात जाऊन सांबाराची पिशवी बांधून घेऊन आला, सोबत चार इडल्या. आई इतकी हसली म्हणे, की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. त्या दुपारी तिनं दोन इडल्या खाल्ल्या. संध्याकाळी किरणनं मला हे सांगितलं तेव्हा तो फार खुशीत होता. "अम्मा ठीक आहे. तिला भूक लागते," तो म्हणाला.

आणि मग सात वाजता बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

बाबांना वाटायचं मी एकटीच खोली घेऊन राहते, म्हणून आमच्या घरात त्या कॉलची एक रीत ठरलेली होती. फोन वाजला की किरण चप्पल उचलून गॅलरीत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. मी भिंतीवरचा आमचा फोटो उतरवून पलंगावर पालथा ठेवायची. दोरीवरचे त्याचे शर्ट एका बाजूला सारायची. एवढं सगळं चार रिंगमध्ये व्हायचं. आम्हाला सवय झाली होती. आईनं ते पहिल्यांदाच पाहिलं. ती पलंगावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसून फोन धरला, बाबा दिसले, म्हणाले, "कशी हाय वं?" आई म्हणाली, "बरी हाय." ते म्हणाले, "हिच्यासाठी एक पोरगा पाह्यला, गडचिरोलीचा, बँकेत हाय. तू वापस आली का जाऊ." आईनं मान हलवली, फोन माझ्या हातात सरकवला आणि तोंडाला पदर लावून मोरीकडं गेली. दोन इडल्या बाहेर पडल्या. बाबा पडद्यावरून विचारत होते, "काय झालं, कुठी गेली ती?" मी म्हणाले, "काही नाही, पाणी जास्त प्यायली."

गॅलरीच्या काचेतून किरण पाहत होता. त्यानं मला त्या दिवशी विचारलं, "हे रोज असं होतं का तिकडं?" मी म्हणाले, मला काय माहीत. मला माहीत होतं.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या होत्या. शांत, हळू बोलणाऱ्या. त्यांना मराठी येत नव्हती, आईला तेलुगू येत नव्हती. मी मध्ये बसले. केव्हापासून दुखतं, कुठं दुखतं, रक्त पडतं का, रात्री दुखण्यानं जाग येते का. आई सांगायची, मी तेलुगूत सांगायची. तिचं 'गोरा फिरते' मी नीट समजावून सांगितलं. इतपत मी प्रामाणिक होते. मग मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि आईकडं बघत मला म्हणाल्या, "विचारा त्यांना, मनाला काही त्रास आहे का. घरी काही काळजी?"

मी विचारलं. आईनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग ती मॅडमकडं वळली आणि त्यांनाच समजेल अशा थाटात, हात पोटावर ठेवून बोलायला लागली.

"मॅडमले सांग, माह्या मनात एक गोठ हाय. माह्या पोरीनं लगन केलं. तिच्या बापाले ठाऊक नाई. तो रोज पोरगा पाहून येते आन मले सांगते. मी त्याच्यासंग खोटं बोलून राह्यली, दोन वरसं झाले. तीस वरसात मी कवाच खोटं नाई बोलली त्याच्यासंग. तो घरी येऊन हातपाय धुवाले लोटा उचलते, तवापासून माह्या पोटात चालू होते. थो लोट्याचा आवाजच मले सहन होत नाई आता."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. आई माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, "काळजी काही नाही म्हणते. गाव सोडून आली, म्हणून झोप नीट लागत नाही."

मॅडमनी मान डोलावली आणि लिहिलं. गोळ्यांचा डोस वाढवला. दोन आठवडे बघू, नाही उतार पडला तर दुर्बीण घालून पोट आतून पाहू, म्हणाल्या. बाहेर आल्यावर रिक्षात आईनं औषधांची चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "मी एवढं बोलली. तू दोनच शबद बोलली."

मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "परक्या मान्साले काऊन सांगाचं आपल्या घरचं."

तिनं माझ्यासाठी कारणसुद्धा शोधून दिलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं, आणि तरी मी ते घेतलं.

दोन आठवडे ती ते वाढीव डोस घेत राहिली. काही फरक पडला नाही. मग सकाळी उपाशीपोटी तिला घेऊन गेले. घशात बधिर करणारा फवारा मारला, कुशीवर झोपवलं, तोंडात प्लास्टिकचं कडं बसवलं आणि काळी नळी आत सरकवायला लागले. मला तिच्या उशाशी उभं राहू दिलं होतं. तिला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडात कडं असल्यामुळं तिला बोलता येत नव्हतं. तिनं माझा हात धरला होता. समोरच्या पडद्यावर तिच्या पोटाचा आतला भाग दिसत होता, गुलाबी, ओलसर, निरोगी. मॅडम म्हणाल्या, "बघा, सगळं चांगलं आहे." एखाद्या मुलीला हे ऐकून हायसं वाटलं असतं. मला ते वाटलं नाही. आता दुसरं काहीच कारण उरलं नव्हतं.

रिपोर्ट घ्यायला मी दुसऱ्या दिवशी एकटी गेले. खरं तर तो घेऊन निघायचं होतं. पण मॅडमनी आत बोलावलं आणि साधंच विचारलं, "आई जेवल्या का आज?" मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. आई काय बोलली होती आणि मी काय सांगितलं होतं, तेही. सांगताना मी त्यांच्या टेबलावरच्या कागदाचा कोपरा दुमडत होते, हे मला नंतर त्यांनी तो कागद हळूच ओढून घेतला तेव्हा कळलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "वजन उतरलं होतं, या वयात दुर्बिणीनं बघावंच लागलं असतं. त्याचं ओझं घेऊ नका. पण एवढे दिवस मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते." मग त्यांनी समजावलं. आतड्यांना स्वतःच्या नसांचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं, दोन्हीकडून. माणूस भीतीत राहिला की कोणाची आतडी घाईनं चालतात, कोणाची थबकतात, आणि एरवी ज्याची जाणीवही होत नाही ते दुखायला लागतं. "हे खोटं दुखणं नाही," त्या म्हणाल्या. "रिपोर्टमध्ये दिसत नाही, पण दुखतं खरंच. त्यांना कोणी नाटक करता असं म्हणालं का?"

मी म्हणाले, हो.

"मग त्यांना आधी हे सांगा, की तुमचं दुखणं खरं आहे. मी थोडं औषध देते, त्यानं आतड्यांना आराम पडेल. बाकीचं माझ्याकडं नाही."

चार दिवसांनी आम्ही तिघं गावाला निघालो. किरणनं रजा काढली होती. बल्लारशापासून पुढं बसमध्ये आई खिडकीजवळ बसली आणि दोनदा बस थांबवावी लागली. ड्रायव्हर कुरकुरला. एका बाईनं नाकाला पदर लावला. आई खाली मान घालून परत चढली. किरण दोन्ही वेळा तिच्यासोबत पाण्याची बाटली घेऊन उतरला. मी जागेवरच बसून राहिले.

बाबा दुपारी जेवायला घरी आले तेव्हा आम्ही ओसरीवर होतो. त्यांनी आधी आईकडं पाहिलं, मग किरणकडं. त्यांना वाटलं दवाखान्यातला कोणी सोबत आला आहे. त्यांनी त्याला, "बसा ना भाऊ," म्हटलं. मी उभी राहिले आणि सांगितलं. वाटलं होतं रडेन, पण रडले नाही. अगदी कोरडं, कामावरचा अहवाल द्यावा तसं सांगितलं गेलं. शेवटी म्हणाले, आईला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं.

बाबा आईकडं वळले. "तुले ठाऊक होतं?"

"हो."

"दोन वरसं?"

"हो."

ते उठले, न जेवता मिलमध्ये निघून गेले.

मला वाटत होतं की सांगून टाकलं की आईचं पोट तिथल्या तिथं बरं होईल. तसं झालं नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिला आजवर झाला नव्हता एवढा त्रास झाला. बाबा कोणाशी बोलले नाहीत. घरात माणसं चार आणि आवाज फक्त भांड्यांचा. किरण अंगणात बसून राहायचा. त्याला कोणी बाहेर काढत नव्हतं आणि कोणी आत बोलावत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी बाबा मिलमध्ये गेले नाहीत. मी चुलीपाशी होते. त्यांनी स्वतः ताट घेतलं, त्यात मऊ भात आणि लाखोरीच्या डाळीचं पातळ वरण वाढलं आणि आई झोपली होती तिथं नेऊन ठेवलं. आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून बसले.

"जेव," ते म्हणाले. "मी कोनता पोरगा पाहून नाई राह्यलो आता. जेव."

आई उठून बसली. दोन घास घेतले.

"मी तुले नाटकं करते म्हनलो," ते म्हणाले. त्यांनी ताट तिच्याकडं आणखी सरकवलं. आई म्हणाली, "तुमाले काय ठाऊक," आणि जेवत राहिली. मी तव्यावरची भाकर तशीच सोडून दाराआड उभी होते. मी तिथं नव्हतेच असं त्यांनी दोघांनी धरलं होतं, आणि तेच बरोबर होतं.

निघताना बाबा बसपर्यंत आले. किरणशी हात मिळवला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तू लगन केलं, ते एक. तुह्या मायले काऊन एकटी ठेवली त्याच्यासंग?"

याचं जे उत्तर आज माझ्याकडं आहे ते चांगलं नाही. मला बाबांची भीती वाटत होती आणि आईची वाटत नव्हती, एवढंच ते आहे. जिची भीती वाटत नाही तिच्यावर मी ते टाकलं.

आई एकदम बरी झाली नाही. औषध सहा महिने चाललं. पळापळ आधी थांबली, भूक नंतर आली. आता वजन बरंच भरलं आहे. कोणाच्या घरी भांडण झालं, की अजूनही तिचं पोट दोन दिवस बिघडतं, आणि ती स्वतःच सांगते, "पोटानं मनावर घेतलं." अंगणवाडीतल्या बायांनाही ती सांगते. सुनेचं पोट सारखं दुखतं म्हणून एक सासू तक्रार करत होती, तर आई तिला म्हणाली, आधी तिले इचार, घरात काय होऊन राह्यलं. बाबा माझ्याशी बोलतात, पण कमी. किरणशी जास्त. मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेल्या लोकांकडून ते थोडं तेलुगू शिकले आहेत.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं गेलो होतो. सावलीच्या बाजारात चौघं गेलो. तिथं नामदेवभाऊ भेटले. ते बाबांचे मिलमधले जुने सोबती. त्यांनी किरणकडं पाहिलं आणि बाबांना विचारलं, "पोरीचं लगन झालं म्हनते? कवा केलं? बलावलं नाई आमाले."

आई भाजी बघत होती. तिचा हात थांबला.

बाबा म्हणाले, "तीन वरसं झाले. आमीच कोनाले सांगितलं नाई."

आमी. त्यांना न सांगता झालेल्या लग्नाचं लपवणं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं, भर बाजारात, मला न विचारता. एके काळी मी तेही घेतलं असतं आणि पुढच्या दुकानाकडं वळले असते. त्या दिवशी मला तसं करता आलं नाही.

"नाई भाऊ," मी म्हणाले. "बाबाले ठाऊक नव्हतं. मीच लपवलं. आईलेही लपवाले लावलं, म्हनून ती आजारी पडली."

नामदेवभाऊंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ते "बरं, बरं" म्हणत पुढं गेले. बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण हातातली जड पिशवी माझ्याकडं दिली, लहानपणी बाजारात द्यायचे तशी, न बोलता.

पूर्वी मी घर म्हणायची तेव्हा मला ते निळ्या भिंतींचं, ओसरीचं घर दिसायचं, जिथं जाऊन आईच्या हातचं खायचं आणि परत यायचं. आता घर म्हटलं की मला ती तीन माणसं दिसतात ज्यांच्यासमोर माझं मला बोलावं लागतं, आणि बोलताना अजून लाज वाटते. ती जावी असं मला वाटत नाही. बाजारातून परत येताना आई मला म्हणाली, "भूक लागली वं," आणि बसस्टँडवरच्या हॉटेलात शिरून, आम्ही कोणी यायच्या आधीच, तिनं स्वतःसाठी आलूबोंडा सांगितला.